परतीच्या वाटेचा हिशेब

विद्यापीठात एकट्याने वाहन चालवत येणाऱ्यांपुढे दुसरे मार्ग कोणते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. या प्रश्नावर जे काही लिहिले गेले आहे त्यातले बरेचसे अमेरिकेतल्या मोटारींना धरून आहे. आपल्या बडोद्यात मात्र एकटा चालक म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो ॲक्टिव्हावरचा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी, पाठीला दप्तर आणि मागची सीट रिकामी. मोटारीने येणारे प्राध्यापक आहेत, अलीकडे काही विद्यार्थीही आहेत; पण सकाळच्या वेळी प्रतापगंज आणि सयाजीगंजच्या रस्त्यांवर जी दाटी होते ती प्रामुख्याने दुचाकींची असते. त्यामुळे चार चाके घरी ठेवा, एवढे सांगून आपले काम भागत नाही.

या विद्यार्थ्यांना आळशी किंवा चैनी म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. मला ती मान्य नाही. दुचाकी का आणतोस असे कोणालाही विचारून पाहा. येताना त्रास होतो म्हणून, असे उत्तर क्वचितच मिळते. सकाळी साऱ्यांची वेळ साधारण सारखी असते, बस मिळते, शटल रिक्षा मिळते, वडीलही सोडतात. घोडे अडते ते परतताना. प्रात्यक्षिक लांबते, एखादी तासिका ऐनवेळी रद्द होते, मग ग्रंथालयात बसावे लागते, तिथून क्लासला जायचे असते. घरी किती वाजता निघू हे ज्याला सकाळी सांगता येत नाही, तो आपले वाहन बरोबर घेऊनच निघणार. म्हणून कोणताही पर्याय तपासायचा असेल तर मी आधी त्याची परतीची बाजू पाहतो.

या कसोटीवर उतरलेली एक व्यवस्था आपल्या शहरात पिढ्यान् पिढ्या चालू आहे, ती म्हणजे रेल्वेचे अप-डाउन. आणंद, नडियाद, भरूच, गोध्रा इथून मुले मेमूने किंवा पॅसेंजरने येतात, आणि स्टेशनाच्या सयाजीगंजच्या बाजूने बाहेर पडून महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला आणि विज्ञान शाखांपर्यंत चक्क पायी जातात. पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते महाविद्यालय असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वे मोफत देते आणि इतर विद्यार्थ्यांना पासात सवलत असते, हे खरे. पण ही पद्धत टिकली ती केवळ स्वस्त आहे म्हणून नव्हे. संध्याकाळी एक गाडी चुकली तर पुढची कोणती, हे या मुलांना तोंडपाठ असते आणि प्रत्येक गाडीला ओळखीची चार माणसे भेटतात. गायकवाडांच्या राज्यात १८६२ साली डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, तेव्हा ती बैल ओढत असत. पुढे डभोई ते चांदोद हा मार्ग रुंद होऊन २०२१ मध्ये केवडियापर्यंत, म्हणजे आजच्या एकतानगरपर्यंत पोहोचला, आणि आता डभोईजवळ कुंढेला येथे केंद्रीय विद्यापीठ आले आहे. तिथल्या विद्यार्थ्यांसाठी रेल्वेचे आणि वर्गांचे वेळापत्रक एकत्र मांडून पाहणे हे वेळेत करण्याजोगे काम आहे, कारण एकदा दुचाकीची सवय लागली की ती सुटत नाही.

शहरातल्या शहरात येणाऱ्यांचे काय? इथे बडोद्याला एक दैवी म्हणावी अशी सोय लाभली आहे. रेल्वे स्टेशन, एस. टी.चा मध्यवर्ती डेपो आणि समोरचे सिटी बसचे स्थानक एकमेकांना जवळजवळ चिकटून आहेत आणि विद्यापीठाचा मुख्य परिसर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. मांजलपूर असो, कारेलीबाग असो की गोत्री, स्टेशनची बस म्हणजेच विद्यापीठाची बस. अडचण येते ती विखुरलेल्या शाखांमुळे. तंत्रशास्त्राची शाखा कलाभवनात, म्हणजे १८९० साली स्थापन झालेल्या त्या जुन्या संस्थेच्या जागी, संगीत आणि नाट्य सुरसागराकाठी, समाजकार्य फत्तेगंजाकडे. ज्याला एका दिवसात दोन ठिकाणी जायचे असते तो दुचाकी सोडत नाही. या मधल्या दोन-तीन किलोमीटरसाठी सायकल उत्तम. आपले शहर सपाट आहे, आणि उन्हाचा बाऊ करणाऱ्यांनी शैक्षणिक वर्षातला मोठा भाग पावसाळ्याचा आणि थंडीचा असतो हे ध्यानात घ्यावे. मात्र सायकल ठेवायला छप्पर आणि साखळी अडकवायला लोखंडी दांडा हवा. एवढे साधे साधनही बहुतेक इमारतींपाशी दिसत नाही, याचे मला नवल वाटते.

वाघोडिया रस्त्यावरच्या खासगी विद्यापीठांनी स्वतःच्या बस चालवून दुचाकींचा प्रश्न बराचसा सोडवला आहे. तिथे मुलांची तक्रार असते ती बस ठरावीक वेळेलाच सुटते ही, म्हणजे पुन्हा परतीचीच.

आता एकाच वाहनावर दोघांनी येण्याबद्दल थोडे सविस्तर बोलतो, कारण आपल्यासाठी सर्वांत जवळचा मार्ग हाच आहे. दांडिया बाजारातल्या एकाच गल्लीतून तीन ॲक्टिव्हा एकाच इमारतीत जातात, तेव्हा दोन कमी होऊ शकतात हे कोणालाही दिसते. पण त्याच्या आड तीन गोष्टी येतात. पहिली हेल्मेटची. कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे आणि रोजच्या सोबत्याचे दुसरे हेल्मेट दिवसभर ठेवायचे कुठे, हा प्रश्न ऐकायला क्षुल्लक वाटला तरी बेत मोडतो तो तिथेच. विभागात कुलपाचे लहान कप्पे दिले तर तो सुटतो. दुसरी विम्याची. कायद्याने किमान लागणारा, फक्त त्रयस्थ पक्षापुरता विमा असेल तर मागे बसलेल्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. पॅकेज, म्हणजे सर्वसमावेशक प्रकारच्या विम्यात ती येते. रोज कोणाच्या मुलीला मागे बसवायचे असेल तर पॉलिसीचा कागद एकदा काढून वाचावा, ही माझी पालकांना विनंती आहे. तिसरी पैशांची. पांढऱ्या पाटीच्या वाहनात परवान्याशिवाय भाडे घेता येत नाही. तेव्हा आज तुझी गाडी, उद्या माझी, ही अदलाबदल सर्वांत निर्धोक.

इतके करूनही सोबत्याला संध्याकाळी अचानक थांबावे लागले तर दुसऱ्याने घरी कसे जायचे? या प्रश्नाला सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९१ मध्ये व्यवस्थेनिशी उत्तर दिले. त्यांनी यू-पास नावाचा एकच पास काढला. त्यात शहराच्या बसचा प्रवास होता, एकत्र येणाऱ्यांना पार्किंगमध्ये सवलत होती, रात्री परिसरातून घराकडे नेणारी गाडी होती, आणि कर्मचाऱ्यांना अडीअडचणीला टॅक्सीने जावे लागले तर तो खर्च भरून देण्याची तरतूद होती. त्याचबरोबर एकट्याच्या मोटारीचे पार्किंग महाग केले आणि त्या पैशांचा हातभार पासाला लावला. मला यातली टॅक्सीची तरतूद सर्वांत शहाणपणाची वाटते. ती वापरण्याची वेळ फारशी येत नाही, पण ती आहे एवढ्या भरवशावर माणूस सकाळी वाहन घरी ठेवतो.

आपल्याकडे पार्किंग फुकट असते आणि त्यामुळे ते कोणाच्याच खर्चात दिसत नाही. वास्तविक एका उभ्या मोटारीला साधारण बारा चौरस मीटर जागा लागते, तेवढ्यात पाच-सहा दुचाकी किंवा त्याहून अधिक सायकली मावतात. विद्यार्थ्यांच्या दुचाकींवर एकदम शुल्क बसवा असे मी म्हणणार नाही. ज्यांना बस मिळत नाही त्यांच्यावर तो अन्याय होईल. सुरुवात मोटारींपासून, म्हणजे आम्हा शिक्षकांपासून करावी. इमारतीच्या दारालगतची जागा दोघे-तिघे मिळून येणाऱ्यांना द्यावी आणि एकट्याने येणाऱ्याने मागच्या मैदानात गाडी लावून चालत यावे.

शेवटी वेळापत्रकाविषयी. जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज भरून घेताना विद्यार्थ्याचा पत्ता आपल्याकडे येतोच. त्यातले पिनकोड आणि तासिकांच्या वेळा जुळवून पाहिल्या तर कोणत्या भागातून कोणत्या वेळी किती मुले येतात हे एका दुपारी कळू शकते. त्यावरून प्रात्यक्षिकांच्या तुकड्या पाडताना आडनावाच्या आद्याक्षराऐवजी राहण्याचा भाग धरावा. मांजलपूरची मुले एकाच दिवशी, एकाच वेळी सुटली तर सोबत आपोआप मिळते, आणि साडेपाच वाजता तिथले तीस-चाळीस विद्यार्थी फाटकाबाहेर उभे राहणार आहेत असे लेखी कळवल्यावर सिटी बस चालवणाऱ्यांशी जादा फेरीची बोलणी करायलाही आधार मिळतो. या कामाला नवे अनुदान नको, समितीही नको. प्रत्येक विभागात वेळापत्रक करणारा जो एक लिपिक किंवा प्राध्यापक असतो, त्याच्याकडे ही यादी प्रवेशाच्या आठवड्यातच पोहोचली पाहिजे, कारण तुकड्या एकदा फलकावर लागल्या की वर्षभर कोणी त्यांना हात लावत नाही.