पानाखालची कमाई

करवीर तालुक्यातला हा आडसाली, म्हणजे दीडेक वर्ष शेतात उभा राहणारा ऊस. माणूस आत शिरला की दिसेनासा होतो. यातलं एक पान उलटून बघा. कापूस चिकटवल्यासारखा हा पांढरा थर म्हणजे लोकरी मावा. तो पानातला रस शोषतो आणि चिकट पाझर सोडतो. खालच्या पानांवर त्या पाझरात बुरशी वाढते, पानं काळी पडतात.

२००२ साली हा मावा पश्चिम महाराष्ट्रात आला आणि हां हां म्हणता फडच्या फड पांढरे झाले. औषधं आली, पाठीवर पंप चढले. पण डोक्यावर गेलेल्या, लोळलेल्या उसात फवारायचं कसं?

तिथं कामाला आली ती ही अळी. डिफा नावाच्या पतंगाची. माव्याच्या थरातच जाळी करून राहते आणि मावा फस्त करत पुढं सरकते. मायक्रोमस हा मावा खाणारा दुसरा कीटक. हेक्टरी १००० डिफाच्या किंवा २५०० मायक्रोमसच्या अळ्या सोडायच्या, ही शिफारस. अळ्या असलेले पानांचे तुकडे मावा पडलेल्या पानांना टाचायचे आणि त्यानंतर पंपाला हात लावायचा नाही.

आपल्या वहीत खत, औषध, भरणी, सगळं लिहिलेलं असतं. या अळीची मजुरी कुठंच नसते. म्हणूनच एक सरी वाढवायला बांध तासताना आपला हात कचरत नाही. खोडकिडीची अंडी नासवणाऱ्या ट्रायकोग्रामाची कार्डं आपण पैसे मोजून आणतो आणि त्या इवल्या कीटकाला मध पुरवणारी बांधावरची फुलं तणनाशकानं जाळतो! हा तोटा कुणाच्या लक्षात कसा येत नाही?

तोडणी झाली की काडी ओढली जाते. हेक्टरी ८ ते १० टन पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, जळतं. त्यात ४० किलोच्या आसपास नत्र असतं, म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या युरिया. पाचटात दडलेले कोळी जळतात ते वेगळेच.

शेजारच्या या शिवारात मात्र पाचट सरीत दाबलंय. त्यातूनच खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना फुटलेलं पुढचं पीक, वर आलाय. बांधावर शेवरी, बाभूळ उभी आहे. या खोडव्याचा हिशेब मांडाल तेव्हा त्या दोन गोण्या आणि टळलेली प्रत्येक फवारणी जमेच्या बाजूला लिहा, रुपयांत.