दोन मिनिटं आणि पाण्याची रेघ
(पुण्यात जुलै महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवातीला आपण सगळे उभे राहिलो. संयोजकांनी सांगितलं, पानशेतच्या पुरात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं शांतता पाळू या. मला एक वाईट खोड आहे, अशा वेळी मी घड्याळ बघतो. बेचाळिसाव्या सेकंदाला 'ॐ शांती' आलं आणि खुर्च्या सरकल्या. संयोजकांना दोष देत नाही. पुण्यातली दोन मिनिटं मी तीसेक वर्षं मोजतोय. पूर्ण एकशेवीस सेकंद भरलेले एकदाच आठवतात, आणि तेव्हा सूत्रसंचालकांना पुढचा कागद सापडत नव्हता.

असं का होतं? कारण ही दोन मिनिटं आपल्या घरची नाहीत. आपल्याकडे माणूस गेला की हंबरडा असतो, मग सुतक, मग नदीकाठी कावळ्याची वाट बघणं. गप्प उभं राहण्याची रीत आली केपटाऊनहून. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, तिथे दुपारची बाराची तोफ झाली की भर रस्त्यात सगळं थांबायचं. पर्सी फिट्झपॅट्रिक नावाच्या गृहस्थांनी ती पद्धत लंडनला सुचवली. त्यांचा स्वतःचा मुलगा त्या युद्धात मारला गेला होता. राजे पाचवे जॉर्ज यांनी ती मान्य केली आणि ११ नोव्हेंबर १९१९ला सकाळी अकरा वाजता साम्राज्यभर दोन मिनिटं पाळली गेली. साम्राज्यात आपणही होतोच. साम्राज्य गेलं, दोन मिनिटं राहिली. ३० जानेवारीला गांधीजींच्या स्मृतिदिनी सकाळी अकराला भोंगा होतो आणि सरकारी कचेऱ्यांतून लोक उभे राहतात, ती हीच दोन मिनिटं, घड्याळातल्या अकराच्या ठोक्यासकट.

पण शोक म्हणजे शांतता, असं सगळीकडे कुठे आहे? चीनमध्ये २००८च्या १२ मेला सिचुआन प्रांतात भूकंप झाला, दुपारी २ वाजून २८ मिनिटांनी. आठवड्याने त्याच मिनिटाला देशभर तीन मिनिटं मोटारी, आगगाड्या, जहाजं, सगळ्यांनी एकदम भोंगे वाजवले. सामान्य नागरिकांसाठी तिथे राष्ट्रीय दुखवटा पाळला गेला तो पहिल्यांदाच. इटलीत तर टाळ्या वाजवतात. २०१८मध्ये जिनोआचा मोठा पूल कोसळून ४३ माणसं गेली. त्यांच्या अंत्यविधीला ढिगारे उपसणारे अग्निशमन दलाचे जवान आले तेव्हा लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आपल्याला ऐकूनच कसंतरी होतं. शोकसभेत चुकून कुणी टाळी वाजवली तर आपण त्याच्याकडे कसं बघतो! त्यांना आपलं छाती बडवून रडणं कसं वाटत असेल, हाही विचार करून बघा.

भोंगा, टाळी, शांतता, यांच्या चालीरीतींवर तासभर बोलता येईल. मला त्यापुढचं विचारायचंय. शोक सुरू असताना 'हे का झालं' असं विचारायला जागा असते की नसते? आणि गेलेल्यांची नावं घेतली जातात की नाही?

वेल्समध्ये अ‍ॅबरफॅन नावाचं खाणकामगारांचं गाव आहे. गावाच्या वरच्या डोंगरावर खाणीतला टाकाऊ माल वर्षानुवर्षं रचून ठेवलेला. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. मुलं नुकती वर्गात बसलेली. सव्वानऊच्या सुमाराला सातव्या क्रमांकाचा ढीग पाण्याने भिजून सुटला आणि शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. जगभरातून पैसा आला, साडेसतरा लाख पौंड. राणी एलिझाबेथ आठव्या दिवशी गावाला भेट द्यायला आली, आणि तो उशीर लोक आजही विसरलेले नाहीत. पण मला खरी गोष्ट वाटते ती मरणाचं कारण नोंदवताना घडलेली. अधिकारी एकेका मुलाचं नाव वाचून 'गुदमरून मृत्यू' असं कारण सांगत होते. एक बाप उठून म्हणाला, तसं नाही, राष्ट्रीय कोळसा मंडळाने जिवंत गाडलं असं लिहा.

त्या वेळी तो किती उद्धट वाटला असेल! आपल्याकडेही कुणी असं बोललं की शेजारचे दंडाला धरून खाली बसवतात, 'ही वेळ नाही' म्हणतात. ती वेळ पुढेही येत नाही, हे सांगायला नको. पुढे चौकशीत दोष कोळसा मंडळावरच आला. आणि तरीही, डोंगरावरचे उरलेले ढीग हलवायला दीड लाख पौंड कुठून घेतले? मेलेल्या मुलांच्या नावाने जमलेल्या निधीतून! ते परत मिळायला १९९७ साल उजाडलं, तेही बिनव्याजी. गावाच्या दफनभूमीत आज पांढऱ्या कमानींच्या ओळी आहेत. चित्रात फार शांत दिसतात.

नॉर्वेचं उदाहरण नेहमी आदर्श म्हणून देतात आणि काही अंशी ते आहेच. २२ जुलै २०११ला एका माथेफिरूने ओस्लोत बॉम्ब लावला आणि उटोया बेटावर तरुणांच्या शिबिरात गोळीबार केला, ७७ जण मारले. तिसऱ्या दिवशी ओस्लोच्या रस्त्यांवर दीडदोन लाख माणसं हातात गुलाब घेऊन उतरली. पंतप्रधान स्टोल्टेनबर्ग यांचं म्हणणं होतं की याला आमचं उत्तर अधिक लोकशाही हेच असेल. घोषणा नाहीत, कुणाला फाशी द्या वगैरे नाही. इथवर सगळं छान. पुढे स्मारकाची वेळ आली. बेटासमोरच्या सोरब्रोतेन या टोकावर खडक आरपार कापायचा, म्हणजे जमिनीला कायमची जखम राहील, अशी योनास डालबर्ग यांची कल्पना निवडली गेली. जगभर वाहवा झाली. विरोध केला तो तिथेच राहणाऱ्यांनी, सरकारविरुद्ध कोर्टात गेले. आपण पटकन म्हणू, काय माणसं आहेत! पण त्यांच्यातलेच काही जण त्या दिवशी आपापल्या होड्या काढून गोळीबारातून पळणारी पोरं पाण्यातून ओढून काढत होते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की रोज सकाळी खिडकी उघडली की ती जखम आम्हीच का बघायची? २०१७मध्ये ती कल्पना रद्द झाली. २०२२ साली जवळच्या धक्क्यावर ब्राँझचे ७७ स्तंभ उभे राहिले. राष्ट्राला जे भव्य वाटतं ते शेजाऱ्याला जाचक होऊ शकतं. यात कुणाचं बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता नावांकडे येतो. वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन सैनिकांचं स्मारक आहे, काळ्या दगडाची भिंत आणि तिच्यावर ५८ हजारांहून जास्त नावं. माया लिन ही एकवीस वर्षांची विद्यार्थिनी, तिने ते रचलं, १९८२ साली पुरं झालं. नावं ना हुद्द्याने, ना बाराखडीने. ज्या क्रमाने माणसं पडली त्या क्रमाने. लोक नावावर कागद धरतात, पेन्सिल घासतात आणि तेवढं नाव घरी नेतात. न्यूयॉर्कला, जिथे ते दोन मनोरे होते, तिथेही नावं कोरली आहेत; ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या नावात पांढरा गुलाब खोचतात.

उलट बाजू बघा. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सोलच्या इतेवॉन भागात अरुंद गल्लीत गर्दीत चेंगरून १५९ जण गेले, बहुतेक तरुण. सरकारने लगेच दुखवटा जाहीर केला, फुलांनी मढवलेले चौथरे उभारले. पण त्यांवर ना फोटो ना नावं. कोरियात अंत्यविधीला फोटो नसणं म्हणजे आपल्याकडे पिंडदानाला नाव-गोत्र न सांगण्यासारखं. बंदोबस्त का नव्हता हे विचारणाऱ्या आईबापांनी मग आपला वेगळा चौथरा मांडला, मुलांचे फोटो लावून. तेव्हा कुठे लोकांना कळलं की १५९ हा नुसता आकडा नव्हता.

आपल्या तर्पणात नाव, गोत्र, नातं उच्चारल्याशिवाय पाणी सोडताच येत नाही. ज्यांना आई नाही, बाप नाही, भाऊबंद नाहीत, त्यांच्यासाठीही शेवटी ओंजळ आहे. पितृपक्षातल्या चतुर्दशीला पंचांगात 'शस्त्रादिहत' असं छापलेलं असतं. अपघाताने, शस्त्राने गेलेल्यांचा तो दिवस. अर्थात हे सगळं घरातलं, आणि सगळ्यांच्या घरातलं नाही. चौकात आपल्याकडे असतो फ्लेक्स. 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये गेलेल्याचा फोटो आणि खाली शोकाकुल मंडळींचे त्याहून मोठे, गॉगल लावलेले.

३० जुलै २०१४ला आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, माळीण गाव डोंगराखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं. बाहेरच्या जगाला कळलं ते एसटीच्या चालकामुळे. तो नेहमीच्या फेरीला गेला आणि समोर गावच नव्हतं. मला ही ओळ कुठल्याही स्मारकापेक्षा जास्त टोचते.

आणि पानशेत. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेत धरण फुटलं, मग खडकवासला, आणि पाणी पेठांमध्ये शिरलं. नाईक आयोगाची चौकशी झाली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वसाहती उभ्या राहिल्या. मृतांचा आकडा मात्र प्रत्येक जण वेगळा सांगतो. आपण जपली ती रेघ. नदीकाठच्या पेठांतल्या भिंतींवर 'इथपर्यंत पाणी आलं होतं' अशी. जपानात अनेयोशी गावी अशीच पातळी सांगणारा दगड आहे, पण त्यावर आज्ञा कोरली आहे: याच्या खाली घर बांधू नका. गावाने ती पाळली आणि २०११च्या त्सुनामीची लाट दगडाच्या खालीच थांबली. आपल्या रेघांच्या खाली काय काय बांधलंय ते येताना तुम्ही पाहिलंच असेल. बऱ्याच जणांनी गाडीही तिथेच लावली असेल.

माझी मावशी तेव्हा अकरा वर्षांची, नारायण पेठेतल्या वाड्यात. वाडा जाऊन तिथे इमारत झाली त्यालाही वीस वर्षं झाली. तरी पाणी कुठवर होतं हे ती अजून हाताने दाखवते, 'देवळीच्या वर चार बोटं'. त्याच वाड्यात जिन्याखालच्या खोलीत एक बाई राहायच्या. सगळे बाहेर पडले, त्या ट्रंक आणायला मागे फिरल्या. मागच्या रविवारी मी मावशीला त्यांचं नाव विचारलं. तिने बराच वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाली, "अरे, आम्ही त्यांना जिन्याखालच्या काकू म्हणायचो."