बरें आसा, पूण चड उलयता

(एका वाचनालयाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय 'वाचनसंस्कृती आणि अभिरुचीचे प्रश्न' असा छापलाय. तो मी दिलेला नाही. कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मी मासळीबाजारात होतो, एका हातात बांगड्यांची पिशवी. "कशावर बोलणार?" म्हणाले. मी म्हटलं, "पुस्तकांच्या गजालींवर." गजाली, म्हणजे गप्पा, हा शब्द पत्रिकेवर बरा दिसला नसावा. त्याला धुऊन, इस्त्री करून त्याचे 'अभिरुचीचे प्रश्न' केले गेले. मी मात्र गजालींवरच बोलणार आहे. प्रश्न कुणाला पडलेच तर चहाच्या वेळी बघू.

गेली एकोणीस वर्षं आम्ही पाच-सहाजण दर शनिवारी संध्याकाळी गोव्यातल्या फोंड्यात एका घराच्या बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीत, जमतो. आमच्या या बसण्याला नाव नाही, वर्गणी नाही. पाव आणि पातळ भाजी असते, आणि कुणीतरी काहीतरी वाचलेलं असतं. निदान तसं म्हणतो तरी.

आमचे दोतोर पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचतात. "माणूस जगला की मेला एवढं कळू दे, मग मी निवांतपणे पहिल्यापासून वाचतो," असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं दवाखाना चालवल्यावर माणसाला शेवटाची धास्ती उरत नाही, की जास्तच वाटते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वकीलसाहेब पन्नास पानांवर निकाल देतात. तेवढ्यात लेखकाला आपली बाजू मांडता आली नाही, तर दावा फेटाळला. बँकेतून निवृत्त झालेले भाऊ फक्त रहस्यकथा वाचतात. नोकरीत असताना त्या पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर घालून त्यावर 'गीतारहस्य' असं लिहायचे. एकदा साहेबांनी ते वाचायला मागितलं तेव्हा काय झालं, हे भाऊ दर दोन वर्षांनी नव्याने सांगतात आणि दर वेळी साहेब थोडा जास्त चिडलेला असतो.

आणि आमच्यात एक निवृत्त ग्रंथपाल बाई आहेत. त्यांच्यासमोर खोटं बोलायची सोय नाही.

बाईंचं म्हणणं असं, की वाचकाने काय सांगितलं ते ऐकू नये, परत आलेल्या पुस्तकाला विचारावं. पुस्तक कण्यावर उभं धरून सोडून द्यायचं. ते आपसूक जिथे उघडतं, तिथे वाचक सगळ्यात जास्त थांबलेला असतो. एका कथासंग्रहात पान चौऱ्याऐंशीवर आमसुलाचा डाग होता, आणि पंच्याऐंशीपासून पुढे सगळं करकरीत. बाई म्हणाल्या, "हा वाचक जेवता जेवता वाचत होता, जेवण संपलं, पुस्तकही संपलं." मागच्या तारखांच्या चिठ्ठीवरून तर त्या अख्खा गाव वाचायच्या. पुरस्कार मिळालेल्या कादंबरीच्या चिठ्ठीवर पहिल्या दोन महिन्यांत सात-आठ शिक्के, मग वर्षानुवर्षं काही नाही. भुताखेतांच्या कथांच्या चिठ्ठ्या मात्र तीन-तीनदा बदललेल्या. आणि गंमत अशी, की वर्धापनदिनाच्या भाषणात 'आवडतं पुस्तक' म्हणून पहिल्याचंच नाव घेतलं जायचं.

तुम्ही हसताय. मीही असाच एकदा हसत होतो.

एक जाडजूड कादंबरी आहे. नाव सांगत नाही, कारण इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी ती माझ्यासारखीच वाचली असणार. पंधरा वर्षं मी शाळेच्या गॅदरिंगपासून श्रद्धांजलीच्या सभेपर्यंत सगळीकडे तिचा उल्लेख करत आलो. एका शनिवारी बाईंनी माझी प्रत वाचायला नेली. पुढच्या शनिवारी परत आणून शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमच्या प्रतीत बांधणीवाल्याने सोळा पानांचा एक फर्मा दोनदा घातलाय. एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस दोन वेळा आहे, आणि एकशे एकोणतीस ते एकशे चव्वेचाळीस नाहीच. वाचताना तुम्हाला काही वाटलं नाही?"

मी म्हटलं, "लेखकाचा प्रयोग असेल."

त्या दिवसापासून आमच्याकडे न वाचलेल्या पुस्तकाला 'प्रयोग' म्हणतात. "हांवें वाचलां," असं कुणी म्हटलं, की लगेच दुसरा विचारतो, "वाचलां, काय प्रयोग?" म्हणजे, वाचलंय, की प्रयोग?

आता माझा मुद्दा. आमची पुस्तकं बहुतेक मराठी. माझ्या पिढीचं शिक्षणच मराठीतलं. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यातल्याच एकीत मी शिकलो. सावंतवाडीकडून आलेले आमचे मास्तर पुस्तकांच्या कपाटाची किल्ली जानव्याला बांधून ठेवायचे. पण वाचलेल्या पुस्तकांवर आम्ही भांडतो ते कोंकणीत. वाचायचं एका भाषेत आणि भांडायचं दुसऱ्या भाषेत, ही सोय सगळ्या मराठी वाचकांच्या नशिबी नाही. (भाषावादावर मी आज बोलणार नाही. त्यासाठी दुसरा वक्ता बोलवा आणि बाहेर दोन पोलीस उभे करा.)

या सोयीने काय होतं? एकदा वकीलसाहेब कुठलंसं परीक्षण वाचून आले आणि म्हणाले, ही कादंबरी 'व्यामिश्र अनुभवाचं बहुपेडी चित्रण' आहे. बाई म्हणाल्या, "कोंकणींत सांगात." वकील थांबले. पावाचा तुकडा भाजीत बुडवला, खाल्ला, आणि म्हणाले, "बरें आसा, पूण चड उलयता." पुस्तक चांगलं आहे, पण फार बोलतं. मी त्या कादंबरीवर तीन परीक्षणं वाचली होती. एकाही परीक्षणात इतकं नेमकं वाक्य नव्हतं.

गैरसमज नको. कोंकणीत गंभीर लेखन होत नाही, असं मी म्हणत नाही. रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो, दोन ज्ञानपीठं या भाषेत आली आहेत. मी बोलतोय ती स्वयंपाकघरातल्या, बल्कांवातल्या कोंकणीबद्दल. तिच्यात बसून माणूस आपल्याला न समजलेलं वाक्य फेकू शकत नाही, लगेच पकडला जातो. माझी अभिरुची म्हणून जे काही आहे, ते वर्गात किंवा परीक्षणांत झालेलं नाही. अशा पकडापकडीत झालेलं आहे. एकट्याने पुस्तक वाचता येतं. पण आपल्याला ते आवडलं की आवडायला हवं म्हणून आवडलं, हे एकट्याने कळत नाही. मला तरी कळलं नाही.

आणि हे आपल्याकडे नवं नाही. गोव्यात छापखाना आला १५५६ साली. फादर थॉमस स्टीफन्सचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण नागरीचे खिळे नव्हते. असं पुस्तक किती लोकांच्या हातात पडणार? ते चर्चमध्ये मोठ्याने वाचलं जायचं आणि लोक ऐकायचे. इकडे देवळाच्या चौकात, श्रावणात कुणाच्या तरी घरी, पोथी लागायची. एक वाचणारा आणि पन्नास ऐकणारे. परत घरी जाताना वाटेत त्यावर बोलणं होत असणार, आणि ते बोलणं पोथीच्या भाषेत नक्कीच होत नसणार.

म्हणून भाऊंची नात पणजीला जाताना बसमध्ये कानाला लावून कादंबरी ऐकते, यावर दोतोरांनी आक्षेप घेतला तेव्हा मी तिची बाजू घेतली. दोतोर म्हणाले, "ऐकणं म्हणजे वाचन नव्हे." मी विचारलं, तुमच्या आजीला हरिविजय येत होता ना? आजीला अक्षरओळख होती? दोतोर म्हणाले, "ते वेगळं." कसं वेगळं, ते अजून सांगितलेलं नाही. मुलीला मात्र पकडायला बसमध्ये कुणी नसतं, एवढी काळजी मला आहे. ती शनिवारी येऊन बसली तर बरं.

अभिरुचीची शिडी असते म्हणतात. आधी बालवाङ्मय, मग रहस्यकथा, मग कादंबरी, शेवटी वर कुठेतरी कविता आणि तत्त्वज्ञान. इथे मला नेहमी सांखवाळचे धर्मानंद कोसंबी आठवतात. जन्म १८७६चा. शाळा फारशी नाही, घरच्या नारळाच्या बागा बघायचं काम. 'बालबोध' नावाच्या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचं छोटंसं चरित्र वाचलं. मुलांचं मासिक, वाचणारा वीस-एकवीस वर्षांचा, लग्न झालेला माणूस. १८९९ साली त्यांनी घर सोडलं आणि पुणं, काशी, नेपाळ, श्रीलंका करत हा माणूस पाली भाषेचा पंडित होऊन हार्वर्डपर्यंत पोचला. आमच्या बल्कांवात तो तेव्हा असता, तर वकील म्हणाले असते, "या वयात बालबोध? कव्हर घाल रे त्याला."

त्यामुळे भाऊंच्या रहस्यकथांना मी हल्ली हसत नाही. म्हणजे हसतो, पण कमी.

आता मे महिना संपत आला. घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, गडबड आहे. सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं, चिंच. आमच्याकडे पुस्तकांचंही पुरुमेंत असतं. आधी असलेली पुस्तकं उन्हात घालायची, कारण आपल्या पावसाळ्यात कागदाला जे होतं ते तुम्हाला माहीत आहे. जूनमध्ये पुठ्ठा मऊ पडतो, जुलैत कण्यावर पांढरी बुरशी धरते, आणि ऑगस्टमध्ये कपाट उघडलं की आजोबांच्या सदऱ्याचा वास येतो. मग चार महिन्यांची बेगमी. प्रत्येकाने आपली दोन पुस्तकं आणायची आणि दुसऱ्याची दोन न्यायची. कोणती न्यायची हे नेणाऱ्याने ठरवायचं नाही, देणाऱ्याने ठरवायचं. गेल्या वर्षी भाऊंना कवितासंग्रह गेला. चतुर्थीला भेटले तेव्हा म्हणाले, "खून कुणी केला ते कळलं नाही, पण वाचलं." बाईंनी पुस्तक हातात घेतलं, उभं धरलं, सोडलं. ते अठ्ठावन्नाव्या पानावर उघडलं. तिथे आईवरची एक कविता होती. त्यावर कुणी काही बोललं नाही. भाजी वाढली.

माझी ती दोनदा फर्मा बांधलेली कादंबरी त्याच पुरुमेंतात दोतोरांना गेली होती. ते तिसऱ्या रांगेत बसलेत, निळा सदरा. वर्ष झालं, प्रत परत आलेली नाही. परवा फोनवर म्हणाले, "शेवटचं पान वाचलंय, आता सुरुवात करतो."