एल्समध्ये कोण कोण पडतं?

पडद्यावर निकालाचा साधा फॉर्म आहे. चौकटी दोन, मिळालेले गुण आणि पास व्हायला लागणारे गुण. बटणामागे जावास्क्रिप्टची, म्हणजे वेबपानं चालवणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेची, एकच अट आहे. इफ, पहिली किंमत दुसरीएवढी किंवा तिच्याहून मोठी असेल तर 'पास'. एल्स, म्हणजे नाहीतर, 'नापास'.

पहिल्या चौकटीत १००, दुसरीत ३५. बटण दाबलं.

नापास.

अट बरोबर आहे. पण चौकटीतून आकडा येत नाही, मजकूर येतो. दोन्हीकडे मजकूर असला की जावास्क्रिप्ट शब्दकोशाच्या क्रमाने एकेक अक्षर ताडते. एक हा तीनच्या आधी, तिथेच निकाल लागला. पुढची शून्यं कुणी पाहिलीच नाहीत. आता ९ टाका. पास!

दोन्ही किमती मजकुराचा आकडा करणाऱ्या 'नंबर' फंक्शनमधून काढल्या. १०० पास, ९ नापास. बरेचसे धडे इथेच संपतात, आणि खरी चूक इथेच मागे राहते. पाहा, गुणांची चौकट रिकामी ठेवली तरी नापास, कारण रिकाम्या मजकुराचं 'नंबर' शून्य करतं. 'गैरहजर' लिहिलं, नापास. कीबोर्ड मराठीवर ठेवून ८५ लिहिले, तरीही नापास! देवनागरी अंक 'नंबर'ला वाचता येत नाहीत. हाती येतं 'नॅन', म्हणजे 'हा आकडा नाही', आणि नॅन कशाहीपेक्षा मोठं, लहान किंवा समान ठरत नाही. अट खोटी, म्हणून थेट एल्स.

वर न अडलेलं सगळं एल्समध्ये पडतं. म्हणून ज्याचे गुण कळलेच नाहीत, त्याला एल्सने नापास करता कामा नये.

आता कोड नव्या क्रमाने लिहिला जातोय. आधी 'ट्रिम', ते मजकुराच्या कडेच्या स्पेस काढतं, म्हणजे नुसती स्पेस दाबलेली चौकटही रिकामी धरली जाईल. रिकामी असेल तर 'गुण भरा'. मग 'नंबर'. नॅन आलं, किंवा शून्याच्या खाली, शंभराच्या वर गेलं, तर 'गुण तपासा'. त्यानंतरच दहावीचे टप्पे वरून खाली, ७५, ६०, ४५, ३५. पहिली खरी अट सापडली की पुढच्या एल्स इफ वाचल्याच जात नाहीत. ३५ सर्वांत वर ठेवलं तर ८० गुणांनाही नुसतं 'पास' मिळेल. शेवटच्या एल्समध्ये आता खरोखर कमी गुण असलेलेच उरतात.

असा कच्चा फॉर्म शाळेत वापरला, तर चुकीचा निकाल घरी जातो.

चाचणीसाठी ३४, ३५, ३६, मग रिकामी चौकट, एक स्पेस आणि मराठी कीबोर्डवरचे ८५.