शिंकान्सेन सर्वांत शेवटी

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेवर 'जपानमध्ये रेल्वेने तीन आठवडे' असा विषय छापला आहे. तीन आठवड्यांचा आराखडा शेवटी देणार आहे, वह्या काढून ठेवा. पण त्याआधी एक मुद्दा पटवायचा आहे, कारण आराखडा त्याच्यावरच उभा आहे. जपानचा प्रवास आखायला शिंकान्सेनपासून, म्हणजे बुलेट ट्रेनपासून, बसू नका. ज्या गाडीच्या दिवसाला तीनच फेऱ्या आहेत, तिच्यापासून बसा.

टोकियो-ओसाका मार्गावर गर्दीच्या तासाला एकट्या नोझोमी या सर्वांत जलद शिंकान्सेनच बारापर्यंत सुटतात. एक चुकली तर चहा संपायच्या आत दुसरी येते. अशी गाडी तीन महिने आधी ठरवून ठेवण्यात काय हशील? आता दुसरं टोक बघा. फुकुशिमा प्रांतात आइझु-वाकामात्सुपासून निगाता प्रांतातल्या कोइदेपर्यंत तादामी नावाची १३५.२ किलोमीटरची लाइन आहे. नदीच्या कडेकडेने, पुन्हापुन्हा पूल ओलांडत, डिझेलचे एक-दोन डबे साडेचार तास धावतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या गाड्या दिवसाला तीन: सकाळी सहाच्या सुमारास, दुपारी एकच्या सुमारास आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास. पाचची गाडी शरद ऋतूत पूर्ण अंधारात जाते, ती सोडून द्या. दुपारची धरली तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला शेवटचा तासभर काही दिसत नाही, कारण तिथे पावणेपाचलाच सूर्य मावळतो. उरली सकाळची. तिच्यासाठी आदली रात्र आइझु-वाकामात्सुतच काढायला हवी. एका गाडीने तुमचा मुक्काम, त्याची तारीख आणि पुढची दिशा ठरवून टाकली. आखणी म्हणतात ती हीच.

या लाइनबद्दल थोडं जास्त बोलतो, राग मानू नका. जुलै २०११च्या अतिवृष्टीत तिचे तीन पूल मोडले. आइझु-कावागुची ते तादामी हा २७.६ किलोमीटरचा तुकडा अकरा वर्षं बंद होता आणि तिथे बस चालायची. १ ऑक्टोबर २०२२ला तो पुन्हा सुरू झाला, तोही फुकुशिमा प्रांताने रूळ-पूल स्वतःच्या मालकीचे करून घेतले आणि जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने फक्त गाडी चालवायचं कबूल केलं म्हणून. असं भाग्य सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही. क्यूशूची हिसात्सु लाइन जुलै २०२०च्या पुरात गेली, यात्सुशिरो ते योशिमात्सु अजून बंद आहे. होक्काइदोत फुरानो ते शिनतोकु हा तुकडा ३१ मार्च २०२४नंतर कायमचा बंद झाला. म्हणून पाच वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनावर विसंबून मार्ग आखू नका. वेळापत्रक दरवर्षी मार्चच्या मध्याला बदलतं, आणि गाडी रोज धावते की ठरावीक दिवशीच, तेही तपासा. छापील वेळापत्रकात गाडीच्या नावाशी शंकरपाळ्याच्या आकाराची काळी खूण दिसली, तर ती रोजची नाही.

आता पास, म्हणजे ठरावीक दिवस जेआर कंपन्यांच्या गाड्यांतून हवं तितकं फिरू देणारं पर्यटकांचं तिकीट. सभागृहात कितीजणांनी पास आधी आणि मार्ग नंतर ठरवलाय? बरेच हात दिसतात. मग इथे जरा थांबू या.

ऑक्टोबर २०२३मध्ये सात दिवसांचा साधा जेआर पास २९,६५० येनवरून ५०,००० झाला. चौदा दिवसांचा ८०,०००, एकवीस दिवसांचा १,००,०००. तरी आपल्याकडे अजून 'जपानला जाताय ना, पास घ्या' हाच सल्ला फिरतोय. हिशेब करा. टोकियो-क्योतो आरक्षित जागेसह एका बाजूला सुमारे १४,००० येन. जाऊन-येऊन २८,०००. हिरोशिमापर्यंत जाऊन आलात तरी चाळीस हजारांच्या आत. पार क्यूशूत हाकाताला, म्हणजे जवळजवळ १,१७५ किलोमीटर जाऊन तितकंच परत आलात, तरी ४७,०००च्या आत. सात दिवसांत टोकियोहून हाकाता गाठून परत येणारा माणूससुद्धा पासात पैसे घालवतो! वर पासावर नोझोमी आणि तिच्यासारखीच जलद मिझुहो फुकट नाहीत. टोकियो-क्योतो नोझोमीने जायचं तर ४,९६० येन वेगळे. पासाचे दिवस सलग मोजतात, त्यामुळे क्योतोत चार दिवस देवळं बघत फिरलात तर ते चारही दिवस जळाले. मग पास वसूल करायला माणूस रोज गाडीत बसतो आणि जपान खिडकीतूनच बघतो. माझी तक्रार किमतीपेक्षा या घाईबद्दल आहे.

पासाऐवजी काय, तर साधं कागदी तिकीट. ते नीट समजून घ्या, कारण त्यात एक मोठी सवलत दडली आहे. जपानी तिकिटाचे दोन भाग असतात: अंतराचं मूळ भाडं आणि जलद गाडीचा अधिभार. मूळ भाडं टप्प्याटप्प्याने स्वस्त होतं, म्हणजे लांबचं एक तिकीट जवळच्या दोन तिकिटांपेक्षा कमी पडतं. आणि १०० किलोमीटरपेक्षा लांबच्या मूळ तिकिटावर वाटेत उतरता येतं. आपल्या रेल्वेत ब्रेक जर्नी म्हणतात तेच. २०० किलोमीटरपर्यंत तिकीट दोन दिवस चालतं, पुढे दर २०० किलोमीटरला एक दिवस वाढतो. टोकियो-हिरोशिमा ८९४ किलोमीटर, म्हणून सहा दिवस. नागोया, क्योतो, हिमेजी, ओकायामा, हवं तिथे उतरा, मुक्काम करा, पुढे निघा, फक्त मागे फिरू नका. टोकियो-क्योतो आणि क्योतो-हिरोशिमा अशी मूळ भाडी वेगळी काढण्यापेक्षा सुमारे तीन हजार येन वाचतात. अधिभाराचं तिकीट मात्र प्रत्येक टप्प्याला नवं घ्यावं लागतं, त्यावर उतरून चालत नाही.

यात लोक कुठे फसतात? एक, स्मार्ट-ईएक्ससारख्या अ‍ॅपवर काढलेल्या तिकिटावर ही सवलत नाही. ती हवी असेल तर 'मिदोरी नो मादोगुची' या हिरव्या पाटीच्या आरक्षण खिडकीवर जा आणि कागदावर मार्ग, तारखा, उतरायची स्टेशनं लिहून द्या. खिडक्या कमी झाल्यात, रांगा लांब असतात. टोकियो स्टेशनऐवजी मध्यम स्टेशन गाठा. दोन, मोठ्या शहरांच्या उपनगरी क्षेत्रात, आतल्या आत साध्या गाडीने जाताना उतरता येत नाही. टोकियोचं हे 'उपनगर' मात्सुमोतोपर्यंत पसरलंय! तीन, वाटेत उतरताना फाटकाच्या यंत्रातून मूळ तिकीट परत बाहेर येतं. ते घ्यायला विसरू नका.

आणखी एक गाठ जपान समुद्राकाठच्या होकुरिकु भागाची. मार्च २०२४मध्ये शिंकान्सेन कानाझावाहून त्सुरुगापर्यंत वाढली आणि समांतर जुनी लाइन स्थानिक कंपन्यांकडे गेली. थोडके अपवाद सोडले तर जेआर पास तिच्यावर चालत नाही. ओसाकाहून येणारी थंडरबर्ड गाडी आता त्सुरुगालाच थांबते. तिथे गाडी बदलायला साधारण आठ मिनिटं धरलेली असतात. मोठी बॅग असेल तर थांबण्याआधीच दाराशी उभे राहा.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. तर आराखडा, भराभर.

दिवाळीची सुट्टी धरा. ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरच्या सुरुवातीला तादामीला पानं रंगलेली असतात. मे महिन्यात जायचं तर २९ एप्रिल ते ५ मेचा गोल्डन वीक टाळून निघा, त्या काळात नोझोमीला अनारक्षित डबेच नसतात. भर हिवाळ्यात तादामीवर भरवसा ठेवू नका. तादामी ते ओशिराकावा बर्फाने दिवसच्या दिवस बंद राहते आणि शेजारचा २५२ क्रमांकाचा रस्ताही तेव्हा बंद असतो.

पहिला आठवडा उत्तरेचा. टोकियोहून शिंकान्सेनने कोरियामा, तिथून आइझु-वाकामात्सु, दोन रात्री. सकाळच्या तादामी गाडीने कोइदे. तिथून उरासा दोनच स्टेशनं, मग शिंकान्सेनने निगाता. पुढे इनाहो गाडीने समुद्राकडेने अकिता. थेट अकितापर्यंतच्या इनाहो थोड्याच, ते आधी बघा. अकिताहून गोनो लाइन, तिच्यावर सगळी आसनं आरक्षित असलेली रिसॉर्ट शिराकामी. 'ए' आसन मागा, समुद्र त्या बाजूला. हिरोसाकीत मुक्काम, शिन-आओमोरीहून हायाबुसा शिंकान्सेनने तीन-सव्वातीन तासांत टोकियो.

दुसरा आठवडा पश्चिमेचा. टोकियोहून रात्री पावणेदहानंतर सनराइज इझुमो निघते. रोज धावणारी शयनगाडी जपानात आता हीच, ताकामात्सुकडे जाणाऱ्या जोडगाडीसकट. पहाटे ओकायामाला दोघी वेगळ्या होतात. इझुमोला दहाच्या सुमारास. आरक्षण महिनाभर आधी जपानी वेळेने सकाळी १०ला उघडतं, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला, आणि जागा पटकन संपतात. वेटिंग लिस्ट, आरएसी असलं काही नाही. मात्सुए, मग याकुमोने ओकायामा.

तिसरा आठवडा शिकोकू. ओकायामाहून नानपूने कोची, कुबोकावाहून योदो लाइनने उवाजिमा. तिच्याही फेऱ्या मोजक्याच. कुबोकावा ते वाकाई हा छोटा तुकडा तोसा कुरोशिओ कंपनीचा, जेआर पासवाल्यांनाही तिथे वेगळं भाडं पडतं. शिकोकूच्या स्वतःच्या पासात मात्र तो धरलाय. मात्सुयामाहून बोटीने हिरोशिमा. तिथून क्योतो आणि टोकियो उलट दिशेच्या त्या एकाच मूळ तिकिटावर, सहा दिवसांत. शिंकान्सेनची आरक्षणं तेव्हा, सर्वांत शेवटी.

प्रत्येक विरळ गाडीनंतर एक दिवस मोकळा ठेवा आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी अशी गाडी नको. वादळाच्या मोसमात कंपन्या आदल्या दिवशीच जाहीर करून गाड्या बंद ठेवतात. व्हिसाच्या अर्जाला दिवसवार मुक्काम लिहून द्यावा लागतो, म्हणून विरळ गाड्या अर्जाआधी पक्क्या करा.

सामानाचं. लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या बॅगेला तोकाइदो, सान्यो आणि क्यूशू शिंकान्सेनमध्ये खास जागा आरक्षित करावी लागते, नाहीतर १,००० येन दंड. २५०च्या वर बॅग चालतच नाही. एक-दोन डब्यांच्या गाडीत तर ठेवायलाच जागा नसते. मोठी बॅग ताक्क्यूबिनने, म्हणजे सामान पोहोचवणाऱ्या कुरिअरने, पुढच्या हॉटेलला पाठवा, दोन दिवसांचे कपडे पाठीवर. या गाड्यांत अनेकदा चालक एकटाच असतो. मागच्या दाराने चढा, क्रमांकाची चिठ्ठी घ्या, उतरताना पुढे पेटीत पैसे टाका. सुइका हे प्रीपेड कार्ड चालेलच असं नाही आणि पेटीच्या यंत्रात दहा हजारांची नोट सहसा सुटत नाही, म्हणून हजाराच्या नोटा जवळ ठेवा. खायला गाडीत काही मिळत नाही. शाकाहारी मंडळींनी ओनिगिरीवरचा, म्हणजे भाताच्या गोळ्यांच्या वेष्टनावरचा, मजकूर वाचावा, उमेबोशीच्या (खारवलेल्या आंबट फळाच्या) सारणातही पुष्कळदा माशाचा अर्क असतो.

रद्द करायचं झालं तर आरक्षित अधिभाराच्या तिकिटावर दोन दिवस आधीपर्यंत ३४० येन कापतात, आदल्या दिवसापासून तीस टक्के. सुटण्याआधी एक बदल मोफत. गाडी दोन तास किंवा जास्त उशिरा पोहोचली तर अधिभार पूर्ण परत मिळतो, त्यासाठी तिकीट फाटकाच्या यंत्रात न घालता माणसाकडे द्या. प्रश्न असतील तर आता विचारा, सभागृह अजून पाच मिनिटं आपलं आहे.