स्किप बर्टमन: आधी कोच, मग साहेब

नमस्कार श्रोतेहो, आज अमेरिकेतल्या एका कॉलेज बेसबॉल कोचबद्दल बोलूया, नाव स्किप बर्टमन. १९८४ साली ते लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूजला आले, लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत, तिला सगळे एलएसयूच म्हणतात. तिथं सगळ्यांचा जीव अमेरिकन फुटबॉलवर, बेसबॉलला कोण विचारतंय! पण त्याआधी मायामी युनिव्हर्सिटीत तिथले कोच रॉन फ्रेझर यांच्या हाताखाली असिस्टंट असताना त्यांनी बघितलं होतं की नीट मेहनत घेतली तर कॉलेजच्या बेसबॉललाही लोक तिकीट काढून येतात, मग इथंही टीम बांधायची आणि स्टेडियमही भरायचं हे दोन्ही त्यांनी एकदमच सुरू केलं, आणि मला विचाराल तर त्यांचं खरं मोठेपण इथंच आहे.

१९९१ ते २००० मध्ये पाच वेळा नॅशनल चॅम्पियन! त्यातली १९९६ ची फायनल तर ऐकाच. ओमाहा शहर, समोर त्यांचीच जुनी मायामीची टीम, शेवटची इनिंग, एलएसयू ७-८ ने मागे, दोन आउट, म्हणजे अजून एक आउट झाला की खेळ संपला, एक रनर थर्ड बेसवर, आणि बॅटिंगला नवव्या नंबरचा वॉरेन मॉरिस, मनगटाच्या दुखापतीमुळे बराच सीझन बाहेर बसलेला, त्या सीझनमध्ये एकही होमरन नाही, आणि या पोरानं पहिल्याच बॉलवर होमरन मारला, म्हणजे बॉल थेट मैदानाबाहेर, रनरचा एक आणि त्याचा स्वतःचा एक रन, ९-८, मॅच खल्लास! त्याच उन्हाळ्यात अटलांटा ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला ब्राँझ मिळालं, तिथंही कोच बर्टमन आणि टीममध्ये मॉरिस.

२००१ ला कोचिंग सोडलं आणि ते अ‍ॅथलेटिक डायरेक्टर झाले, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या सगळ्या खेळांचे साहेब. आता पैसा उभा करायचा होता. फुटबॉलच्या सीझन तिकिटावर वेगळी देणगी लावली, जुने प्रेक्षक भडकले, पण बाकीचे खेळ फुटबॉलच्याच पैशावर चालतात, त्यामुळे मला तो निर्णय बरोबरच वाटतो. २००५ मध्ये कॅटरिना वादळ आलं तेव्हा तर बास्केटबॉलच्या हॉलचं चक्क हॉस्पिटल झालं, फुटबॉलची घरची मॅच अ‍ॅरिझोनाला जाऊन खेळावी लागली, आणि फुटबॉल कोच लेस माइल्स यांचा तो पहिलाच सीझन, बर्टमननीच निवडलेले. २००७ च्या सीझनला तेच माइल्स चॅम्पियन झाले. बेसबॉलचे कोच म्हणून पॉल मेनिएरी यांनाही २००६ मध्ये बर्टमननीच आणलं, आणि २००९ ला, नवं स्टेडियम उघडलं त्याच वर्षी, मेनिएरींनी एलएसयूला सहावं टायटल मिळवून दिलं.