कात्रीआधी पाणी: सेंद्रिय सुती कापडाच्या शिवणीविषयी

मित्रहो, माझ्या हातात पॉपलिनचे दोन कोरे तुकडे आहेत. दोन्हींची वीण सारखी, वजन सारखे आणि रंगही तोच, न धुतलेल्या सुताचा दुधाळ पिवळसर. यांतला एक सेंद्रिय कापसाचा आहे, दुसरा नाही. हे तुकडे तुमच्यापर्यंत येतील तेव्हा ते चाचपून पाहा, उजेडासमोर धरा, एखादा धागा उसवून पाहा. कोणता कुठला हे तुम्हाला सांगता येणार नाही. मलाही येत नाही, आणि मी वीस वर्षांहून अधिक काळ शिवणकाम करते आहे. धागा जाळून पाहिला, तर दोन्ही कागदासारखे जळतात आणि मागे मऊ राखाडी राख उरते. या चाचणीने कापडात पॉलिएस्टर मिसळले आहे का ते कळते, कारण पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो. कापूस सेंद्रिय आहे की नाही, हे मात्र तिच्याने कळत नाही.

याचे कारण तंतूतच आहे. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरून उगवलेली एकच लांबट पेशी. बोंड मिटलेले असताना ती सुमारे तीन आठवडे लांबत जाते, मग आतल्या बाजूने सेल्युलोजचे थरावर थर चढून जाड होते, आणि बोंड फुटले की वाळून चपटी होते व तिला जागोजागी पीळ पडतो. या पिळामुळे तंतू एकमेकांना धरून राहतात आणि त्यांचे सूत कातता येते. शेतात रासायनिक खत पडले असो वा शेणखत, हे सेल्युलोज तेच असते. म्हणून ‘सेंद्रिय कापड मुळातच अधिक मऊ असते’ असे कोणी सांगू लागले, की मला ते पटत नाही. मऊपणा तंतूच्या लांबीवर, सुताच्या पिळावर, विणीवर आणि विणल्यानंतर कापडावर काय केले गेले यावर ठरतो. आज मला मुख्यतः या शेवटच्या गोष्टीबद्दल बोलायचे आहे, कारण शिवणाऱ्याचा संबंध तिथेच येतो.

‘सेंद्रिय’ या शब्दात दोन वेगळी वचने आहेत आणि ती बहुतेक वेळा एकत्र मिसळली जातात. पहिले वचन शेताचे आहे: कृत्रिम खते आणि कीटकनाशके नाहीत, जनुकीय बदल केलेले बियाणे नाही, आणि जमीन या पद्धतीत येऊन ठरावीक काळ लोटलेला आहे, हा काळ नियमांनुसार साधारण दोन ते तीन वर्षांचा असतो. दुसरे वचन कारखान्याचे आहे, आणि ते प्रत्येक कापडाला लागू असतेच असे नाही. ‘ऑरगॅनिक कंटेंट स्टँडर्ड’ हे मानक फक्त कापडात सेंद्रिय तंतू किती आहे आणि तो शेतापासून इथवर कसा आला एवढेच तपासते. त्या कापडावर पुढे कोणती प्रक्रिया झाली, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ‘ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड’, ज्याला सगळे गॉट्स म्हणतात आणि ज्याची प्रमाणनव्यवस्था २००६ मध्ये सुरू झाली, ते पुढचे टप्पेही पाहते. त्याच्या वरच्या श्रेणीत किमान ९५ टक्के आणि दुसऱ्या श्रेणीत किमान ७० टक्के तंतू सेंद्रिय असावा लागतो. क्लोरीनने विरंजन, म्हणजे कापड पांढरे करणे, चालत नाही आणि फॉर्मल्डिहाइड वापरता येत नाही. कापड घेताना विक्रेत्याला ‘सेंद्रिय आहे का’ असे विचारून भागत नाही. कोणत्या मानकाचे आणि कोणत्या श्रेणीचे, हे विचारावे, आणि प्रमाणपत्र दाखवायला सांगावे. हाताला जे कळत नाही ते इथे कागदच सांगतो. आणखी एक गैरसमज इथेच दूर करते: गॉट्सचे कापड म्हणजे वनस्पतींच्या रंगात रंगवलेले कापड नव्हे. त्यात कृत्रिम रंगही चालतात, फक्त घातक घटक असलेले रंग वगळलेले असतात.

आता शिवणाऱ्याच्या टेबलावर येऊ. बाजारातले नेहमीचे ‘सुरकुती न पडणारे’ सुती कापड आठवा. त्याचा तो गुण कापसाचा नसतो. त्यावर राळेसारखी रसायने बसवलेली असतात, ती सेल्युलोजच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतात, म्हणून कापड चुरगळत नाही. या बांधण्याने तंतू थोडा दुबळाही होतो. ही रसायने बहुतेक फॉर्मल्डिहाइडवर आधारलेली असल्यामुळे गॉट्सच्या कापडात ती नसतात. आटण्याची गोष्ट जरा वेगळी आहे. सॅनफोर्ड क्लूएट यांनी १९३० मध्ये पेटंट घेतलेली सॅनफोरायझिंगची पद्धत यांत्रिक आहे. वाफ आणि रबरी पट्ट्याचा दाब यांनी कापड आधीच आखडून घेतले जाते, आणि सेंद्रिय कापडालाही ती चालते. पण लहान प्रमाणात विणलेले बरेच सेंद्रिय कापड या यंत्रातून गेलेले नसते. थोडक्यात, कारखान्याने जे करून दिले नाही ते पाणी, वाफ आणि हात यांनी आपल्याला करून घ्यावे लागते. सेंद्रिय कापड शिवण्याचे वेगळे असे जे काही कौशल्य आहे ते मला तरी इथेच दिसते.

ही गोष्ट मी एका झबल्यामुळे शिकले. बाहेरून सेंद्रिय मलमल आणि आतून घरात आधीपासून असलेल्या, अनेकदा धुतलेल्या सुती कापडाचे अस्तर, असे ते झबले होते. शिवून झाल्यावर ते इतके नीट बसले होते की मी ते तसेच भेट दिले. पहिल्या धुण्यानंतर ते माझ्याकडे परत आले. मलमल आटली होती, अस्तर आटले नव्हते. गळ्याभोवती आणि काखेत अस्तराच्या चुण्या जमून कापड फुगले होते आणि खालच्या घेरातून अस्तर बोटभर बाहेर आले होते. शिवण कुठेही उसवली नव्हती, टीप सरळ होती, आणि तरी ते बाळाला घालता येण्यासारखे राहिले नव्हते. मी मलमल पाण्यातून काढली नव्हती, एवढीच चूक होती.

कापड आटते म्हणजे नेमके काय होते, हे एकदा समजून घेतले की पुढचे सगळे सोपे जाते. पाण्यात कापसाचा तंतू जाडीला बराच फुगतो, लांबीला मात्र जवळजवळ वाढत नाही. तंतू फुगला की सूत जाड होते, आणि ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्याला त्या जाड झालेल्या बाण्याच्या, म्हणजे आडव्या, धाग्यांवरून वळसा घेत जायला जास्त लांबी लागते. ती लांबी तो कापडाच्या लांबीतूनच काढतो. शिवाय मागावर ताणा ताणून धरलेला असतो. पाण्यात तो ताण सुटतो. म्हणून बहुतेक विणलेली कापडे रुंदीपेक्षा लांबीला अधिक आटतात.

याचा हिशेब घरी करता येतो. नवीन कापडाच्या कोपऱ्यात, काठापासून जरा आत, ५० सेंटीमीटरचा चौकोन धाग्याच्या रेषेत मोजून रंगीत दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी आखावा. खडू धुण्यात निघून जातो, दोरा राहतो. मग तयार वस्तू जशी धुतली जाणार आहे तसेच कापड धुवावे. गरम पाण्यात धुतली जाणार असेल तर गरमच पाणी घ्यावे, आणि शक्य तर हे दोनदा करावे, कारण काही कापडे दुसऱ्या धुण्यातही थोडी आटतात. वाळल्यावर इस्त्री न ओढता, नुसती दाबून, चौकोन पुन्हा मोजावा. उभी बाजू साडेसत्तेचाळीस भरली तर पाच टक्के गेले. सव्वा मीटर लांबीच्या झग्यात ते सहा सेंटीमीटरांहून जास्त होतात. हा आकडा कापडाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवावा आणि पुढच्या वेळी कापड घेताना तेवढे जादा घ्यावे. गरम पाण्याने कापूस कमजोर होईल ही भीती बाळगू नये. कापसाचा तंतू ओला असताना कोरड्यापेक्षा अधिक बळकट असतो.

कोऱ्या, विरंजन न केलेल्या कापडाला या साध्या धुण्याच्या पलीकडे आणखी काही लागते. मांजरपाटासारख्या कापडावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. तो मोत्यासारखा वर बसून राहतो, कारण तंतूवर कापसाचे स्वतःचे मेण असते आणि ताण्याला विणण्याआधी लावलेली खळही असते. धुण्याचा थोडा सोडा घातलेल्या पाण्यात कापड तासभर उकळले की हे पाणी हळूहळू चहासारखे होत जाते, आणि स्वच्छ दिसणाऱ्या कापडातून एवढे निघाले हे पाहून पहिल्या वेळी प्रत्येकजण थबकतो. त्यानंतर तोच थेंब टाकावा. तो क्षणात आत मुरतो. हात पुसायचे फडके, बाळाचे लंगोट किंवा जे काही रंगवायचे आहे ते, यांच्यासाठी ही पायरी टाळून चालत नाही. कापडात दिसणारे बारीक तपकिरी ठिपके मात्र राहू द्यावेत. ते सरकीच्या सालीचे कण असतात, मळ नव्हे.

बेतताना घाई नको. धुतलेले कापड अनेकदा तिरके होऊन येते. त्याचे टोक सरळ आहे की नाही हे एक आडवा धागा ओढून काढून पाहावे. जिथे धागा निघाला तिथे बारीक रेघ उमटते आणि त्या रेघेवरून कापावे. कापड तिरके असेल तर ओलसर असताना दोघांनी समोरासमोरचे कोपरे धरून उरेप, म्हणजे तिरक्या, दिशेने ओढावे, म्हणजे ताणा-बाणा पुन्हा काटकोनात येतात. राळ न बसवलेल्या कापडाचे धागे असे हलतात, ही त्याची मोठी सोय आहे. त्यामुळेच कापलेली कड लवकर सुटते हेही खरे. म्हणून माया, म्हणजे टिपेबाहेर सोडलेले कापड, दीड सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवू नये, आणि मलमलीसारख्या विरळ कापडाच्या शिवणीत कड आत बंद होईल अशी दुहेरी टीप घालावी.

सुईबद्दल फार बोलायला नको. मलमलीला ९ किंवा ११ नंबर, पॉपलिनला ११, जाड कापडाला १४, कॅनव्हासला १६; आणि बोथट झालेली सुई वापरू नये, कारण ती धाग्यांच्या मधून जाण्याऐवजी धागा तोडत जाते. होजियरीच्या कापडाला गोल टोकाची सुई आणि ताणली तरी न तुटणारी नागमोडी टीप लागते. होजियरीही लांबीला चांगलीच आटते, तेव्हा तीही आधी पाण्यातून काढावी.

इस्त्रीला मात्र मी शिवणाइतकाच वेळ देते. कापूस उष्णता आणि ओल या दोन्हींचे ऐकतो: तंतूत पाणी शिरले की तो वळवता येतो, आणि उष्णतेने पाणी निघून गेले की त्याच आकारात तो थांबतो. प्रत्येक टीप घातल्यावर आधी ती जशी आहे तशी दाबावी, मग माया उघडून ओलसर फडक्याखालून दाबावी. दुमड शिवण्याआधी इस्त्रीने घालून घेतली तर टाचण्या जवळजवळ लागत नाहीत. कृत्रिम धाग्याच्या कापडावर हे इतके सहज होत नाही.

हस्तकलेच्या वस्तूंत या कापडाचा खरा उपयोग मला गोधडीत आणि भरतकामात वाटतो. गोधडीत वरचे कापड, आतले भरण आणि खालचे कापड हे तीनही थर सारखेच पाण्यातून काढलेले असावेत, नाहीतर झबल्याचीच कथा मोठ्या आकारात घडते. कोणाला नेमक्या त्या बारीक सुरकुत्याच हव्या असतील तर कापड धुवावे आणि भरण कोरे ठेवावे. ते ठरवून केलेले असावे एवढेच. रंगकामाबद्दल एकच सांगते. वनस्पतींचे बहुतेक रंग लोकर सहज घेते, कापूस घेत नाही. त्याला आधी हिरड्यासारखे टॅनिन आणि मग तुरटी द्यावी लागते. आणि ज्यांना रंगवायचेच नाही त्यांच्यासाठी जन्मतःच तपकिरी किंवा हिरवट असलेला कापूस आहे. कापसाचे वाण तयार करणाऱ्या सॅली फॉक्स यांनी १९८० च्या दशकापासून कॅलिफोर्नियात अशा वाणांचे तंतू निवडीने लांब करत नेले, म्हणून ते गिरणीत कातता येऊ लागले. त्यांचा रंग सुरुवातीच्या धुण्यांत फिका न पडता गडद होतो.

तुमच्यापैकी काहीजण पिशव्या, झबली, खेळणी शिवून विकतात, त्यांना एक सूचना. प्रमाणित कापड वापरले म्हणून तयार वस्तूवर गॉट्सचे चिन्ह लावता येत नाही. ते लावण्यासाठी शिवणारी जागाही प्रमाणित असावी लागते. ‘सेंद्रिय कापसाच्या कापडात शिवलेले’ असे लिहिण्याआधीही आपल्याकडे कापडाचे कागद आहेत याची खात्री करावी आणि तुमच्या भागातले नियम पाहून घ्यावेत.

शेवटी दोऱ्याविषयी. बराच काळ मी सेंद्रिय कापड पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवत असे, कारण तो मजबूत असतो आणि यंत्रात तुटत नाही. एकदा एक पार विरलेली उशीची खोळ मी कुंडीतल्या मातीत पुरली. पावसाळा सरल्यावर माती उकरली तेव्हा कापड नव्हते. मातीत मिसळलेला काळसर चुरा तेवढा होता. पण चारही बाजूंच्या टिपा तशाच होत्या. खोळीच्या आकाराचा एक रिकामा चौकोन, पांढऱ्या दोऱ्याचा, प्रत्येक टाका जागच्या जागी. तो मी बाहेर काढून धुतला आणि ओढून पाहिला, तर तो तुटेना. त्या दिवसापासून सुती कापडाला मी सुती दोरा लावते, टाका जरा लहान घेते, बॉबिनचा ताण सैल करते. आणि ताण पडला की कापड फाटण्याआधी दोरा तुटतो, तेव्हा ती शिवण पुन्हा घालते.